मारायची परवानगी

बीडी पिताना दिसलो तर मला हाणा, अशी परवानगी मी राइस मिलच्या हमालांना दिली. चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने.

डाव्या पायाचं एक बोट काळं पडत चाललं होतं. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी ते चिमटीत धरून सांगितलं, बीडी सुटली नाही तर आधी हे जाईल, मग पंजा. तंबाखू सोडवण्याच्या खोलीतल्या मॅडमनी चघळायच्या गोळ्या दिल्या आणि रोज ज्यांच्यात वावरता त्यांची मदत घ्या म्हणाल्या. बायकोला गुंडाळण्यात माझी हयात गेलेली, तिचा काही उपयोग नव्हता. राहिले तुमसरच्या मिलमधले हमाल. मी तिथला दिवाणजी. धानाचं पोतं जरा तिरपं पडलं की त्यांच्या आईबापापासून सुरुवात करायचो. ही माणसं मला मदत करतील असं मला वाटलं, आणि त्यांनी ती मन लावून केली.

पहिली चपराक पडली तेव्हा माझ्या तोंडात सरकारी गोळीच होती. हमालांच्या मुकादमाने मागून येऊन अशी ठेवून दिली, की गोळी उडून वजनकाट्यावर पडली. गोळी आहे रे, म्हणून ओरडलो. त्याने वाकून ती नीट पाहिली आणि पुढच्या टायमाले वळती करू म्हणाला. मग कधी वास आला म्हणून, कधी खिसा फुगलेला दिसला म्हणून. पाठीत गुद्दा बसायचा आणि वळून पाहीपर्यंत मारणारा पोतं उचलून निघालेला असायचा. गाल आतून फाटला. पण खोटं कशाला सांगू, त्या धाकाने बीडी सुटली होती.

धानाचा हंगाम आला. फाटकाबाहेर ट्रकची रांग, डोकं भणभणलेलं. भुशाच्या ढिगामागे गेलो आणि पेटवली. दुसरा झुरका घेतला तोच मुकादमाचा पंजा पेटत्या बीडीसकट तोंडावर आला. ओठ चर्रकन भाजला. माझ्या हातात परखी होती, पोत्यात खुपसून धान काढायची लोखंडी नळी. त्याच्या बहिणीचा उद्धार करत ती मी त्याच्या कपाळावर हाणली. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. त्याने मला मानेला धरून पोत्यांच्या थप्पीवर आपटलं. बाकीचे धावत आले, सोडवायला मात्र कोणी नाही. श्वास होता तोवर मी शिव्या देत राहिलो, आणि प्रत्येक शिवीला कोणाची ना कोणाची लाथ मिळत राहिली. शेवटी थप्पी हलली आणि वरचं पोतं नेमकं माझ्या डाव्या पायावर आलं.

त्याखालून मला काढलं मुकादमानेच. मिलच्या पिकअपमध्ये घालून भंडाऱ्याला आणलं, एका हाताने माझा पाय उचलून धरलेला, दुसऱ्याने स्वतःची भुवई दाबलेली. वाटभर मी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत होतो.

डॉक्टरांनी आधी त्याला टाके घातले, मग माझं बोट पाहिलं. एका बीडीसाठी एवढं मारतात का, असं त्याला विचारलं. बीडीची एकच होती, बाकीच्या शिव्यांच्या, तो म्हणाला. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, बोट बहुतेक कापावंच लागेल. मी मुकादमाकडे पाहून तोंड उघडलं.

"कापाचंच असन तं याची जीभ कापा, साहेब," तो म्हणाला. "बोटानं बिचाऱ्यानं कोनाचं काई केलं नाई."