पितळबाईंचं बिनॅकल

गोदीमागच्या गल्लीत तिला सगळे पितळबाई म्हणत. जहाजाचं होकायंत्र ज्यात बसवतात ती उभी लाकडी पेटी, म्हणजे बिनॅकल, ती घडवायची. आणि त्यात स्क्रूपासून बिजागरीपर्यंत पितळेशिवाय काही लावायची नाही. लोखंड जवळ आलं की सुई भरकटते. कुणी किल्ल्यांचा जुडगा घेऊन आलं, तर तो आधी पायरीवर काढून ठेवावा लागे.

काम तिला नवऱ्याने शिकवलं. तो गेला, आणि महिना उलटायच्या आत धाकट्या दिराने तिला घरच्या कारखान्यावरची खोली सोडायला लावली. तिची ट्रंक स्वतः रस्त्यावर आणून ठेवली. "वहिनी, बाईमाणसाने कुठे रंधा मारायचा असतो का?" तिने समोरच गाळा घेतला, आणि रोज सकाळी देवापुढे एकच मागत राहिली: हा माझ्या दारात येऊ दे.

देवाने उशीर केला, पण ऐकलं. दिराच्या कारखान्यातलं बिनॅकल लावलेली नवी मच्छीमार बोट पहिल्याच फेरीत खडकाला घासून आली. मालकाने रान उठवलं. दीर पेटी हातगाडीवर घालून वहिनीच्या पायरीशी उभा.

"जरा बघता का? सुई वेड्यासारखी करतेय."

तिने एका स्क्रूला चुंबक टेकवला. चिकटला. वर पितळेचा मुलामा, आत लोखंड.

"पितळेचे मिळत नव्हते हो."

"मला मिळतात."

"गुपचूप बदलून द्या ना. एका खोक्यापायी घरातलं रस्त्यावर कशाला आणायचं?"

"रस्त्यावर आणायची सुरुवात तुमचीच, भाऊजी. आणि खोकं म्हणू नका. तुमचे भाऊ सांगायचे, लॅटिनमध्ये हाबिटाक्युलम म्हणजे लहानशी राहायची जागा. पोर्तुगीजांकडे त्याचं बिताकोला झालं, इंग्रजांच्या तोंडी बिटॅकल, मग घासून घासून बिनॅकल. सुईचं घर आहे ते. घरातून कुणाला बाहेर काढायचं हे तुम्हाला चांगलं कळतं, मग लोखंड कसं राहिलं आत?"

तिने बोटमालकाला बोलावणं धाडलं.

"वहिनी, कारखाना बसेल माझा."

"हो."

मालक आला. "सांगा यांना," ती दिराला म्हणाली, "तुमच्याच तोंडाने." त्याने सांगितलं. मग तिने पेचकस त्याच्या हातात दिला, आणि भर गल्लीत त्याला एकेक स्क्रू काढायला लावला. शेजारचा शिंपी म्हणालाच, "लोकांचं पितळ उघडं पडतं, याचं लोखंड पडलं."

पेटी मात्र तिने चोख करून दिली. बोटीवरच्या खलाशांशी तिचं वैर नव्हतं. मालकाने पुढची सगळी कामं तिच्याकडे वळवली, बाकीचेही त्याच्यामागून आले. दिराच्या कारखान्याला टाळं लागलं.

त्या संध्याकाळी देवापुढे बसल्यावर क्षमा मागायचे शब्द तिच्या ओठांवर आले. तिने ते गिळले, मनापासून आभार मानले, आणि कित्येक वर्षांनी पोटभर जेवली.