बोन्नेच्या पोटातली कोय

हिस्के टेरप्स्ट्रा रागीट आहे असं आमच्या गल्लीत कुणी म्हणत नाही. पावसाला ओला कोण म्हणतो? वर्कुम गावाच्या कालव्याला लागून तिचं घर, मधे गुडघाभर उंचीचं कुंपण, आणि अलीकडे माझं. जन्मभर तिनं होड्यांची शिडं शिवली. जाड कापडातून दाभण ओढून ओढून तिची बोटं अशी झाली आहेत की हातात हात घेतला तर दोरखंड धरल्यासारखं वाटतं. एखादा होडीवाला घासाघीस करायला लागला की ती शिवत असलेलं शीड गुंडाळून त्याच्या पायाशी टाकायची. "घे, तूच शीव." त्यामुळे तिची गिऱ्हाइकं थोडी होती, पण होती ती मरेपर्यंत टिकली. लग्न तिनं केलं नाही. विचारणारे दोघे होते म्हणतात. दोघांशीही भांडण झालं.

तिचा थोरला भाऊ रोमर्ट मात्र लोण्यासारखा मऊ माणूस. दूध कारखान्यातली त्याची नोकरी गेली, बायको आजारपणात गेली, आणि मग अर्धांगाचा एक हलका झटका आला. हातपाय सावरले, डोकं शाबूत राहिलं, पण शब्द उशिरा येऊ लागले. हिस्केनं त्याला आपल्याकडे आणलं. प्रेमानं आणलं का, तर ते तिलाच ठाऊक, गल्लीला ऐकू आलं ते एवढंच, "तिकडे एकटा कुजण्यापेक्षा इकडे माझ्या डोळ्यांसमोर कुज." रोमर्ट एखादं वाक्य सुरू करायचा, अर्ध्यावर शब्द शोधत थांबायचा, आणि हिस्के ते पुरं करून टाकायची. बरेचदा चुकीचं. तो मान हलवून सोडून द्यायचा.

दोघांमध्ये एक कुत्रा होता, बोन्ने. काळापांढरा, लांब केसांचा, आमच्या फ्रीसलंड प्रांतातल्या जुन्या जातीचा. कालव्याकाठच्या घुशी उकरणं हा त्याचा धंदा. हिस्के त्याच्याशी ज्या आवाजात बोलायची तो आवाज आम्ही दुसऱ्या कुणासाठी कधी ऐकला नाही. सकाळी त्याला फिरवायचं काम रोमर्टचं. ते दोघं बोल्सवर्डच्या रस्त्यानं पार त्या मोठ्या दुकानापर्यंत जायचे, जिथे बागेचं सामान आणि पाळीव जनावरांचं खाणं मिळतं. तिथे रोमर्टशी कुणी घाईनं बोलायचं नाही, म्हणून त्याला तिथे बरं वाटायचं.

जून महिन्यात एका शनिवारी रोमर्टनं तिथून एक आंबा आणला आणि मागच्या अंगणात बोन्नेपुढे ठेवला. अख्खा. बोन्नेनं तो दोन पंजांत धरून साल फाडली, गर खाल्ला, फरशी चाटून साफ केली. हिस्के तेव्हा घरात नव्हती.

रविवारी बोन्नेला उलट्या सुरू झाल्या. हिस्केनं जनावरांच्या दवाखान्याचा सुट्टीच्या दिवशीचा नंबर लावला. फोनवर कुणी बाई होती, तिनं विचारलं, काल काय खाल्लं? हिस्केनं फोन कानापासून लांब करून रोमर्टला विचारलं.

"आंबा," रोमर्ट म्हणाला.

"आंबा दिलास? कुत्र्याला?"

"हो. आणि... तो... आतली..."

"आंबा खाल्लाय म्हणतो," हिस्के फोनवर म्हणाली. पलीकडच्या बाईनं सांगितलं की आंबा कुत्र्यांना विषारी नसतो, घाबरू नका, आजचा दिवस उपाशी ठेवा. फोन संपला. रोमर्ट अजून हात हलवत उभा होता. "बस आता खाली," हिस्के म्हणाली. "विषारी नाही म्हणाली ती. नशीब तुझं."

सोमवारी सकाळी तिनं माझ्या दारावर मूठ आपटली. "गाडी काढ." बोन्ने तिच्या हातांत होता. एवढा मोठा कुत्रा, पण ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. पोट टणक. रोमर्ट मागून आला आणि न विचारता मागच्या सीटवर बसला.

डॉक्टरीण यिल्डाउ वयानं लहान, पण फार शांत. तिनं बोन्नेच्या पोटावर हात फिरवला, हिरड्या पाहिल्या, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आंबा खाल्ला ते कळलं. कोय कुठे गेली?"

मग रोमर्ट म्हणाला, अगदी सावकाश, "फरशीवर... काहीच नव्हतं."

हिस्केनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला स्वतःकडे कधी वळलेली पाहायची नाही.

सोनोग्राफीत कोय दिसली. आतड्यात आडवी अडकली होती, गच्च. यिल्डाउनं तिथेच समजावून सांगितलं: पिकलेल्या आंब्याच्या दोनचार फोडी कुत्र्याला बाधत नाहीत, साल पचायला जड, पण कोय गिळली तर ती विरघळत नाही, पुढे सरकत नाही, वाट बंद करते. "कालच उघडलं असतं तर बरं होतं," ती म्हणाली. एवढं एकच वाक्य ती दोष दिल्यासारखं बोलली. पोट फाडलं तेव्हा आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता. तो कापून टाकावा लागला. बोन्ने वाचला. हिस्केनं ती कोय मागून घेतली आणि मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत घातली.

परतीच्या वाटेवर तिनं तोंड उघडलं ते घर येईपर्यंत मिटलं नाही. "अख्खा आंबा! पाळण्यातल्या पोराला अक्रोड दिला असतास तू, फोडून सुद्धा नाही. घोड्याएवढा झालास, केस गेले, दात गेले, अक्कल आली होती कधी की तीही गेली?"

"दुकानात... तिथे... बोर्डावर..."

"बोर्डावर! आता बोर्डावर ढकल. बोर्डानं दिला का आंबा? बोर्डाला हात आहेत?"

मी आरशात पाहिलं. रोमर्ट खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, "हिस्के, पुरे करा."

"तू रस्ता बघ."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. जेवण वाढायची, पण ताट असं आपटायची की मला इकडे कळायचं, ते जेवायला बसले. रोमर्टनं बाहेर पडणं सोडलं. बोन्ने घरी आला तेव्हा त्याच्या पोटावरचे केस भादरलेले, टाके घातलेले. तो रोमर्टच्या पायाशी जाऊन झोपला, आणि रोमर्टनं पाय मागे घेतले. आपण हात लावला तर पुन्हा काही होईल असं त्याला वाटत असावं. ते पाहून मला हिस्केचा संताप आला. खरं सांगते, पहिल्यांदाच.

बोन्नेला हलकं खाणं लागणार होतं आणि ते त्याच मोठ्या दुकानात मिळत होतं. मी हिस्केला गाडीतून नेलं. आत शिरल्याशिरल्या डाव्या हाताला आंब्यांची खोकी रचलेली होती आणि वर माणसाच्या उंचीचा बोर्ड. "उन्हाळा तुमच्या कुत्र्याचाही! आंबा: शंभर टक्के सुरक्षित. आजच न्या." खाली एका हसऱ्या कुत्र्याचं चित्र. त्याच्या तोंडात आंबा होता. अख्खा, सालीसकट.

हिस्के चालता चालता थांबली. तिनं बोर्ड वाचला. मग पुन्हा वाचला, ओठ हलवत, लहान मुलं वाचतात तसा. तिचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग मानेपासून लाल चढत गेला. मला वाटलं ती रोमर्टबद्दल काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "मॅनेजर कुठेय?"

मॅनेजरचं नाव मैनर्ट. इस्त्रीचा शर्ट, तोंडावर हसू.

"हा बोर्ड कुणी लिहिला?"

"मुख्य कार्यालयातून येतो, बाई. सगळ्या दुकानांना सारखाच."

"यात कोय कुठे आहे?"

"कोय?"

"आंब्यात असते ती."

मैनर्ट हसला. "अहो, कोय कुणी कुत्र्याला देतं का? ते कुणालाही कळतं."

"कुणालाही," हिस्के म्हणाली. "माझा भाऊ कुणीही नाही का? तुमच्या चित्रातल्या कुत्र्याच्या तोंडात काय आहे?"

"ते चित्र आहे, बाई."

"त्यानं चित्रच पाहिलं. जसं दाखवलंत तसं केलं. माझ्या कुत्र्याचं आतडं कापावं लागलं."

मैनर्टनं चेहरा पाडला. त्याला वाईट वाटल्याचं त्यानं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आपण असं करू. तुमच्या कुत्र्यासाठी खाण्याची एक पिशवी आमच्याकडून भेट."

"पिशवी?" तोवर ती त्याला तुम्ही म्हणत होती. "पिशवी देतोस मला? तुझ्या पोटात दगड घालते आणि तुला पिशवी देते, चालेल?"

आम्ही खाणं न घेताच निघालो. घरापाशी आल्यावर दार उघडण्याआधी हिस्के म्हणाली, "बोर्ड खरंच होता." आणि तिनं दार इतक्या जोरात लावलं की माझ्या गाडीची काच हलली.

पुढच्या शनिवारी ती घडीची खुर्ची आणि कोयीची बरणी घेऊन दुकानात गेली आणि आंब्यांच्या खोक्यांना टेकून बसली. जो येईल त्याला एकच प्रश्न. "कुत्रा आहे घरी? मग हे बघा." बरणी पुढे. "माझ्या कुत्र्याच्या पोटातून काढली. आंबा द्यायचाच तर साल काढा, कोय काढा, बोटभर फोडी द्या. हे ह्या बोर्डवाल्यांनी सांगायला हवं होतं, मी सांगतेय."

बायका थांबायच्या, तोंडावर हात न्यायच्या. काहीजण हातातला आंबा परत ठेवून द्यायचे. एक टोपीवाला हसून म्हणाला, "कसला मोर्चा आहे, आजी?"

"आजी तुझी घरी असेल. तिला जाऊन विचार, तुला माणसात आणायचं राहून कसं गेलं."

मैनर्टनं दोनदा हात जोडले, तिसऱ्यांदा पोलीस बोलावला. पोलीस आमचाच, विखेले, पलीकडच्या गल्लीतला. तो बिचारा घामाघूम. "हिस्के, दुकान त्यांचं आहे. त्यांनी जा म्हटलं की जावं लागतं."

"आणि फाटकाबाहेरचा रस्ता कुणाचा?"

विखेलेनं डोकं खाजवलं. "रस्ता नगरपालिकेचा."

"मग खुर्ची उचल." पोलिसानं खुर्ची उचलली. ती फाटकाबाहेर, जिथून गाड्या आत वळतात तिथे बसली. आता तर प्रत्येक गाडीला तिच्यापाशी वेग कमी करावा लागायचा, आणि ती काचेवर बरणी ठोठावायची.

मी दुपारी तिला साखरेचा पाव द्यायला निघाले तर रोमर्ट कुंपणापाशी उभा. हिस्के कुठे आहे ते त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो माझ्या गाडीत बसला. तिथे पोचल्यावर हिस्केनं त्याला पाहिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं. एक गाडी थांबली होती. आत तरुण नवराबायको, मागे तपकिरी पिल्लू. हिस्के बरणी दाखवत होती. नवरा कंटाळून म्हणाला, "पण इतका मूर्खपणा करतं कोण?"

रोमर्ट पुढे झाला. "मी," तो म्हणाला. "मी दिला. बोर्डावर... होतं..." आणि अडकला. गाडीतला माणूस वाट पाहेना, काच वर करायला लागला. हिस्केनं काचेच्या कडेवर आपला तो दोरखंडासारखा हात ठेवला. "थांब. तो बोलतोय."

रोमर्टला वेळ लागला. मागे दुसरी गाडी हॉर्न वाजवत होती. हिस्केचे दात आवळलेले दिसत होते, पण ती मधे पडली नाही. "बोर्डावर होतं, सुरक्षित," रोमर्टनं शेवटी पुरं केलं. "मी... विश्वास ठेवला. तुम्ही ठेवू नका."

पिल्लाच्या मालकिणीनं मान हलवली आणि नवऱ्याला म्हणाली, "चल, वळव गाडी." ती दोघं आत गेलीच नाहीत.

हिस्केनं रोमर्टची माफी मागितली असं मी ऐकलं नाही. त्या दिवशी ती खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "बस, पाय दुखले असतील तुझे." मग उरलेला वेळ ती उभी राहिली.

आणखी दोन शनिवार ती दोघं तिथे गेली. मग बोर्ड उतरला. नवा लागला त्यात चित्र नव्हतं. 'आंबा' या शब्दाखाली लिहिलं होतं, साल आणि कोय काढून, थोड्याच फोडी. मी हिस्केला म्हटलं, झालं ना तुमच्या मनासारखं. ती म्हणाली, "अक्षरं बघितलीस केवढी आहेत? मुंगीला चष्मा लागेल."

बोन्ने आता दिवसातून चारदा थोडं थोडं खातो आणि लवकर दमतो. घुशीच्या बिळापाशी जाऊन वास घेतो, उकरत नाही. सकाळी रोमर्ट त्याला पुलापर्यंत नेतो आणि परत आणतो. यिल्डाउनं सांगितलंय की एखादी फोड द्यायला हरकत नाही. हिस्के त्या घरात आंबा येऊ देत नाही.

मध्यंतरी बेकरीत मैनर्ट आमच्या मागे रांगेत होता. त्यानं वाकून नमस्कार केला, बोन्ने कसा आहे विचारलं. मनापासून विचारलं असावं. हिस्केनं पाव घेतला, पिशवीत टाकला आणि त्याच्या अंगावरून निघून गेली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बोर्ड बदलला की त्यानं. आता तरी राग सोडा."

"का?" ती म्हणाली. "मला जड होत नाही."