पिशवी ठेवायची की काढायची

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं मुलं बंद करण्याचं ऑपरेशन झालं, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या शरीरात जे काही बिघडलं, दाढदुखीसकट, त्याचं खापर घरच्यांनी ऑपरेशनवर फोडलं. पुढे पाळी आठ-आठ दिवस रेंगाळू लागली, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा निदान तयारच होतं.

उपायही. आमच्या नाहूरच्या इमारतीखाली बाकावर बसणाऱ्या सहा बायकांपैकी चौघींनी पिशवी काढलेली. गर्भाशयाला पिशवी म्हटलं की काढून टाकताना फार विचार करावा लागत नाही.

"दोन मुलं झाली ना? आता काय लोणचं घालायचंय तिचं?" एकीनं विचारलं.

मुलुंडच्या बड्या डॉक्टरांचंही बाकाशी एकमत. भिंतीवर त्यांचे शाल पांघरलेले इतके फोटो होते की खोलीत उकडायला लागलं. सोनोग्राफी, तपासणीला पाठवलेला अस्तराचा तुकडा, सगळे रिपोर्ट चांगले. "काढून टाकू, कटकट संपेल," ते म्हणाले. कोणाची, हे विचारायचं राहिलं.

मला ती ठेवायची होती. त्यात भावुक काही नाही. जिच्यात दोष सापडला नाही तिला काढायचं, तर कारण तरी हवं.

म्हणून विक्रोळीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोबत तिथेच राहणारी माझी मोठी नणंद. ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात तीच माझ्याजवळ होती, त्यामुळे त्या ऑपरेशनची जबाबदारी ती आजतागायत स्वतःची मानते.

बाईंनी आधी विचारलं, ऑपरेशनपूर्वी काय घेत होता? गर्भनिरोधक गोळ्या, मी म्हटलं. "मग पाळी मुळातच जड असेल, गोळ्यांनी झाकली होती. त्यात आता चाळिशी. ऑपरेशनचा दोष दिसत नाही." मग उपाय सांगितले: लोहाच्या गोळ्या तर लगेच, त्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचं थोडं थोडं हार्मोन सोडणारं छोटं साधन, आतलं अस्तर जाळणं, आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर काढणं.

साधन ऐकून नणंद सावरून बसली. "कॉपर-टीसारखं? मूल होऊ नये म्हणून बसवतात ते?"

"तसंच. पण यांना रक्त कमी करायला."

"अहो, हिचं ऑपरेशन झालंय. मी स्वतः बाहेर बसले होते. ते फेल गेलं म्हणायचं का?"

बाईंनी तीनदा समजावलं, तिसऱ्यांदा चित्र काढून. तरी रिक्षात बसल्यावर नणंद म्हणालीच, "लोक काय म्हणतील गं? एका दाराला दोन कुलपं."

"ताई, मी ते लोकांना दाखवायला लावणार नाहीये."

बसवलं. पहिले चार महिने रोज थोडे थोडे डाग पडणं चालू होतं. तसं होईल हे बाईंनी सांगितलं होतं. बाकाला कोणी सांगितलं नव्हतं. चौघी माझ्याकडे दयेनं बघत. पाचव्या महिन्यात ते ओसरलं. सहाव्यात पाळी दोन दिवसांत आटोपली आणि मी तिसऱ्या मजल्यापर्यंत भाजीच्या पिशव्यांसकट न थांबता चढले.

परवा नणंदेनं बाईंचा नंबर मागितला, गुडघ्यासाठी.

"ताई, त्या बायकांच्या डॉक्टर आहेत."

"मग मी कोण आहे? आणि ऐकून तर घेतात ना?"

मी नंबर दिला.