साखर न घातलेली फणसपोळी

एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर औषधांची पिशवी होती. मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड, रात्री पाणी भरून सकाळी प्यायचा बिवळ्याच्या लाकडाचा पेला, आणि सगळ्यांच्या खाली फणसपोळीचा डबा. माझी धाकटी जाऊ कुसुम खिडकीशी उभी होती. "अक्का, तीन महिन्यांत साखर उतरवा नि या. तुमच्या अंगणात केर साचू द्यायची नाही मी." मी म्हटलं, "तीन कशाला, दोन पुरेत." मोठी शहाणी!

मुंबईला गेलेल्यांनी, आखातात गेलेल्यांनी अशा आठवणी लिहाव्यात. मी कुठे गेले? बुरोंडीच्या वरच्या वाडीतून रत्नागिरीला. जिल्हासुद्धा बदलला नाही. पण तिकडे पडवीत उभं राहून हाक मारली की कुसुम ओ द्यायची. इथे तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली, तर खालचा वॉचमन विचारतो, "आजी, बरं नाही का?"

निमित्त एवढंच, की मी अंगणात चक्कर येऊन पडले. मुलगा प्रकाश रत्नागिरीहून धावत आला, डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणि प्रकाशने अट घातली, "तीन महिन्यांची सरासरी साखर ताब्यात आली की मी स्वतः तुला सोडून येईन. तोवर एकटी राहायचं नाही."

मग काय, मी कंबर कसली. सकाळी बिवळ्याचं पाणी, त्यावर कारल्याचा रस. चहा बिनसाखरेचा, जेवायला नाचणीची भाकरी. पार्किंगमध्ये गाड्यांना वळसे घालत वीस फेऱ्या. डॉक्टर म्हणाले होते, "हे सगळं करा, पण गोळी सोडायची नाही." तीही सोडली नाही. पहिला रिपोर्ट आला, साखर वरच. गणपती माझ्याशिवाय बसले. दुसरा आला, तस्साच. शिमग्याला पालखी आमच्या दारात आली, ओटी कुसुमने भरली, आणि मी ती मोबाइलवर पाहिली. देवी बराच वेळ डोक्यावर उभी दिसत होती, कारण मोबाइल मीच उलटा धरला होता. हसू येण्याऐवजी रडू आलं. एवढं कडू पोटात घालून माणसाने किती दिवस चांगलं वागायचं? कारलं दिसलं तरी डोकं फिरायला लागलं.

माझी सून स्मिता बोलते कमी, मोजते फार. एका रविवारी तिने रसाच्या आधी माझं बोट टोचलं आणि दोन तासांनी पुन्हा टोचलं. दुसरा आकडा बघून तिने चष्मा काढला.

"आई, खरं सांगा. रसावर काय खाल्लंत?"

"काही नाही गो. तोंड कडू होतं, म्हणून जराशी फणसपोळी."

"जराशी म्हणजे?"

"दोन. कधी तीन."

"रोज?"

मी भडकलेच. "त्यात साखरेचा कण नाही! बरक्या फणसाचा रस मी माझ्या हाताने काढलाय, ताटांना तेल लावून पसरलाय, कावळे हाकत उन्हात बसलेय. मला शिकवतेस?"

ती शांतपणे म्हणाली, "आई, मग ती गोड कशाने लागते?"

माझ्यापुढे आता स्मिता नव्हती. तिशीतली मी उभी होती. ती बया मला चांगली आठवते. पदर खोचून वाडीभर औषधं सांगत फिरायची. माझ्या सासूबाईंना साखर निघाली, तेव्हा हिने त्यांच्या चहातली साखर बंद करून गूळ घातला आणि हातावर फणसपोळी ठेवून सांगितलं, "खा निवांत, साखर घातलेलीच नाही." सासूबाई म्हणायच्या, "सूनबाय, तुझं औषध गोड लागतं गो." शहाणीला वाटलं, कौतुक चाललंय. त्यांच्या अंगठ्याची जखम वर्षभर भरली नाही. ही हळद लावत राहिली. शेवटी अंगठा काढावा लागला, तेव्हा हिने दोष दिला चपलेला.

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता, तर निदान आत्ता तरी आठवला असता.

डबा संपला की कुसुम येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर नवा पाठवायची. तिला वाटायचं, अक्काला घरची चव. मलाही तेच वाटायचं. रोज सकाळी मी घर तुकड्या-तुकड्याने खात होते, आणि प्रत्येक तुकड्यागणिक ते आणखी लांब जात होतं. कोणावर चिडू? कुसुमवर? फणसावर?

तिसरा रिपोर्ट खाली आलाय. पुरता नाही. डॉक्टर म्हणाले, "अजून एकदा असाच येऊ दे, मग बघू." परवा कुसुमचा फोन आला, "अक्का, फणस पिकायला लागले. डबा पाठवू?" मी नको म्हटलं. मग म्हटलं, "पोळ्या घाल तू. पुढच्या वर्षी कावळे हाकायला मी येते."

जुन्या डब्यात स्मिताने माझ्या गोळ्या ठेवल्यात. दोनदा धुतला तरी उघडला की त्यातून आमचं अंगण बाहेर येतं. गोळी घेण्याआधी मी त्यात नाक घालून बसते. वास घ्यायला हरकत नाही. डॉक्टरांना विचारलंय मी.