दातांच्या साच्यावरचा उखाणा

माझ्या सख्ख्या बहिणीलाही मी याचा कधी वास लागू दिलेला नाही. आज तुमच्याशी बोलते. पण सरळ मुद्द्यावर यायला जीभ रेटत नाही — जरा वळसा घालून येते.

आमच्या नवघरच्या सोसायटीत मी प्रसिद्ध बाई होते. कशासाठी? उखाण्यांसाठी! हळदीकुंकू कुणाकडेही असो, काकी — म्हणजे मी — आल्याशिवाय रंग नाही. आणि काकी कशी? पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरतायत, पण चार बायका हसल्या की शाळेच्या गॅदरिंगमधल्या पोरीसारखी फुगायची. आज ती समोर आली तर तिच्या तोंडात तिळाचा अख्खा लाडू कोंबीन मी.

आमचे हे — श्रीधरराव — घोरायचे. असे की खालच्या गुजराती भाभी सकाळी विचारायच्या, "काकी, रातको मिक्सर चालू था क्या?" मी हसायचे. पण घोरता घोरता ह्यांचा श्वासच मध्ये थांबायचा, ते हसण्यासारखं नव्हतं. तपासणी झाली. झोपेत श्वास अडतो, हृदयावर ताण येतो, असं निघालं. मास्कचं मशीन लावा, डॉक्टर म्हणाले, नाहीतर तुम्हाला दातांचा साचाही चालेल. ह्यांनी साचा निवडला. का? मशीनच्या घरघरीने माझी झोप मोडेल — म्हणून.

मीरा रोडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मापं घेऊन वरच्या-खालच्या दातांवर बसणाऱ्या दोन पट्ट्या करून दिल्या. त्या घातल्या की खालचा जबडा पुढे सरकायचा, घसा मोकळा राहायचा. घोरणं जवळजवळ बंद! सकाळी ह्यांचा चेहरा कसा टवटवीत. फक्त साचा तोंडात असताना हनुवटी पुढे यायची, ओठ फुगायचे. पहिल्या दिवशी आरशासमोर उभं राहून विचारलं होतं ह्यांनी, "फार विचित्र दिसतोय का गं?" मी म्हटलं, छे. बघा — चांगलं वागणं मला येत होतं.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू, आमच्याच घरी. हे रिवाजाप्रमाणे बाहेर गेलेले. बायका जास्त आल्या, वाण कमी पडलं, म्हणून मीच फोन करून ह्यांना आणखी स्टीलच्या वाट्या आणायला सांगितल्या. आणि इकडे उखाण्याचा आग्रह सुरू. नेहमीचा कशाला घ्यायचा? मी पदर खोचला, जबडा पुढे काढला —

"दातांवर बसवला साचा, हनुवटी आली पुढे,
श्रीधररावांचं रूप बघून माकडसुद्धा रडे!"

काय हसल्या हो बायका! "काकी, वन्स मोअर! परत, परत!"

मी परत सुरू केलं. तेव्हा दारात हे दिसले — हातात वाट्यांची पिशवी. आता खरं सांगते. मला दिसले ते. पहिली ओळ झाली होती, दुसरी गिळता आली असती. मी थांबले का? नाही. ह्यांच्याकडे बघत, जबडा आणखी पुढे काढून, पुरी केली. टाळ्या हव्या होत्या मला.

हेही हसले. "चालू द्या, चालू द्या," म्हणाले, पिशवी ठेवून गेले.

त्या रात्रीपासून साचा डबीतून निघाला नाही. हिरड्या दुखतात, म्हणाले. हिरड्या? मला का कळत नव्हतं? "चुकलं माझं, लावा हो" — एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोज लावतात ना? ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो हो, रोज! नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं ना.

पुढच्याच थंडीत हे झोपेतच गेले. कुशीवर वळून झोपलेत असं समजून मी चहाला हाक मारत राहिले. भेटायला आलेले म्हणायचे, झोपेत गेले, पुण्यवान माणूस. साच्याने वाचले असते का? मी कुठल्याच डॉक्टरला विचारलं नाही. हो म्हणाले असते तर?

पण एवढ्यावर मी थांबले नाही. कपाट आवरताना लेकीला ती डबी सापडली. "आई, बाबा हे लावत नव्हते?" मी म्हटलं, "कंटाळा करायचे गं. ऐकतात का माझं? हट्टी माणूस." इतकं सहज निघालं तोंडातून! ती आधी रडली, मग चिडली — बापावर. फोटोला हार घालतानासुद्धा तिच्या बोलण्यात तो राग असतो.

परवा जावई घोरतो म्हणून ती त्याला माझ्यासमोर दरडावत होती, "डॉक्टरकडे चल. माझ्या बाबांसारखा हट्टीपणा केलास ना, तर बघ." मी पोळी वाढत होते. वाढत राहिले.

हट्टी नव्हते ते. ते लाजले होते. साचा लावून माझ्यासमोर झोपायला लाजले होते.