म्हातारी कुणाच्या घरची

माझ्या सासूला समोरचा एकच दात उरला होता, आणि नव्वदच्या दशकात मी त्या एका दातावर नोकरी केली. आता मी स्वतः आजी आहे, माझे दात रात्री डबीत असतात, तेव्हा त्या वेळच्या माझ्याबद्दल मोकळेपणी बोलायला हरकत नाही. मूर्ख बाई होती ती. दिसायला बरी होती, पण मूर्ख.

मुंबईची एक कंपनी मुलांचे पुठ्ठ्याचे खेळ काढायची. सापशिडी, लुडो, असले. मुंबईचे चित्रकार परवडेनात म्हणून शेठने मुरबाडला भातगिरणीच्या मागची पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि दारावर ‘स्टुडिओ’ अशी पाटी ठोकली. गिरणी सुरू झाली की कोंडा उडायचा आणि आमच्या ओल्या रंगांवर बसायचा. पहिल्या सापशिडीतले सगळे साप त्यामुळे खरखरीत निघाले. शेठला वाटलं, आम्ही मुद्दाम खवले काढलेत. खूश झाला.

आम्ही चार-पाच बायका होतो. माझी जोडीदारीण वैशाखऱ्याहून यायची, म्हणून तिला सगळ्या वैशाखऱ्याचीच म्हणायच्या. तिची रेघ माझ्याहून सरळ होती, हे मी आता कबूल करते. तेव्हा कुणी जीव घेतला असता तरी केलं नसतं. मी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा पास होते ना! आमचं गाव टोकावड्याच्या आत. तिथून एसटीने येताना मी कागदाची गुंडाळी मांडीवर न ठेवता उभी धरायची, म्हणजे कुणीतरी विचारावं. कुणी विचारलं नाही तर मीच गुंडाळी पुढच्याच्या डोक्याला लावायची आणि म्हणायची, “सॉरी हां, डिझाईन आहे.” खांद्याला पर्स असायची. तिच्यात भाकरी आणि कंगवा.

एकदा शेठ म्हणाला, नवीन खेळ पाहिजे, कुणाकडे नाही असला. मी घरी आले तर सासू नेहमीसारखी ओट्यावर काठी टेकून बसलेली. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ती अडवायची. “कुठं निघालास रे?” माणूस खरं बोलला तर “काय गरज नाय, घरी जा,” आणि खोटं बोलला तर शिव्या. अर्धं गाव मागच्या पायवाटेने जायचं. मी तिथेच उभ्या उभ्या खेळ बांधला. गावातून शेळ्या घेऊन घाटावर जायचं, वाटेत म्हातारीची घरं. तिच्या घरात सोंगटी पडली की म्हातारी विचारणार, “कुठं निघालास रे?” आणि तुम्ही शेळ्यांसकट परत गावात.

म्हातारी काढायला मला विचार करावा लागला नाही. दात, काठी, कपाळावरच्या तीन आठ्या. नाक तेवढं मी जरा लहान केलं.

खेळ चालला. असा चालला की शेठ पेढे घेऊन मुरबाडला आला. मग ‘म्हातारी जत्रेत’ निघाली, मग ‘म्हातारी मुंबईत’. पहिला डबा मी घरी आणला आणि माळ्यावर लपवला. सासूने दुसऱ्याच दिवशी शोधून काढला. डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बघत राहिली.

“ही कोन गो?”

“कोणी नाही, आई. खेळातली म्हातारी आहे.”

“दात तर माजा हाय.”

मी डब्याचं झाकण लावायला गेले.

“नाक बारीक काढलंस. माजं केवढं हाय, बग. लोकं म्हनतील, सुनंनं सासूचं नाक कापलं.”

मला वाटलं, आता काठी बसणार. तर ती डबा घेऊन उठली आणि गावभर घरोघरी दाखवून आली. परत आल्यावर म्हणाली, “आपल्या घरात आता दोन सोंगं झाली. एक त्राटिका, एक मी.”

हे सोंगाचं जरा सांगितलं पाहिजे. आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे लाकडी मुखवटे घालून लोक नाचतात. कोणतं सोंग कोणत्या घरचं, हे ठरलेलं. आमच्या घरी त्राटिकेचा मान. मुखवटा सासूच्या जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर असायचा आणि दुसऱ्या कुणी त्याला बोटही लावायचं नाही. एखाद्या घराला सोंग नाचवणं जमेनासं झालं, तरी गाव ते परस्पर दुसऱ्याला देत नाही. चार लोक घरी येतात, ओट्यावर बसतात, आणि विचारतात, “देता का?” मग घरातलं मोठं माणूस नारळ फोडतं, मुखवट्याला कुंकू लावतं आणि स्वतःच्या हाताने तो दुसऱ्याच्या तोंडावर बांधतं. न विचारता नेलेलं सोंग नाचत नाही, असं म्हणतात. माझ्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलेलं की जगात सगळीकडे असंच चालतं असं मी धरून चालले. म्हातारी माझी. ती कोण नेईल?

मग टीव्हीला जोडायचे खेळ आले. काळी कॅसेट घातली की पडद्यावर माणूस उड्या मारतो. शहापुरात, मुरबाडात पोरं दुकानासमोर ओळीने उभी राहायला लागली. आमचे डबे मुंबईहून परत यायला लागले, कोपरे चेपलेले.

बुडणारा शेठ बघण्यासारखा असतो. आधी त्याने पुठ्ठा पातळ केला. मग रंग कमी केले, लाल आणि निळा एवढेच, शेळ्याही निळ्या. मग फासे कुठून तरी असे स्वस्त आणले की ते पडले की सहाच दाखवायचे, आणि पहिला खेळणारा जिंकायचा. मग त्याला सुचलं की म्हातारीच तेवढी खपते, तर सगळं म्हातारीचंच करा. ‘म्हातारी लुडो’ झालं. ‘म्हातारी क्रिकेट’ झालं. त्यात मी सासूला पॅड बांधले. वैशाखऱ्याची म्हणाली, “बाय, आता हिला विमानात नको घालू, पडंल.” पुढच्याच महिन्यात ‘म्हातारी विमानात’चं काम आलं. मी हसले नाही. मी मान ताठ करून ब्रश धुतले.

शहापूरला कंपनीचं दुसरं काम होतं, तिथे बायका सोंगट्या रंगवायच्या. शेठने ते एका दिवसात बंद केलं आणि सोंगट्यांची पोती आमच्याकडे टाकली. तिथली आटगावची एक बाई मुरबाडपर्यंत आली, इथे काही काम आहे का विचारायला. मी खुर्चीतून न उठता तिला म्हणाले, “तुमच्या कामात सफाई नव्हती हो.” ती माझ्या हाताकडे बघत होती. माझ्या पायाशी तिचीच पोती होती, आणि मी तिच्याच सोंगट्या रंगवत होते. ती वळली. बाहेर नळावर पाणी प्यायली आणि गेली.

आपलं काही होणार नाही, हे मी सगळ्यांना सांगत फिरायचे. “कंपनी बुडू दे. म्हातारी आपली आहे. नवीन मालक येईल तर आधी आपल्या दारात येईल. विचारल्याशिवाय कसा नेईल?”

वैशाखऱ्याची तोंडात ब्रश धरून ऐकायची. तिच्या घरच्यांनी, तिच्या सासऱ्यांच्या वेळी, बाबासाहेबांमागे जाऊन धर्म बदलला, तेव्हाच हे मानपान सोडून दिलेले. एक दिवस तिने ब्रश काढला.

“त्यांच्याकडं बोहाडा नाय, बाय.”

“म्हणजे?”

“म्हंजे काय? ते विचारनार नाय. मान कुनाच्या घरचा ते ऐकून ऐकून आमचे म्हातारे कंटाळले, म्हनून भायेर पडले. तू अजून आतच बसलीस.” तिला टोकावड्याला रस्त्याकडेच्या धाब्याची पाटी रंगवायचं काम आलेलं. “चल, दोघी करू. मोठी भिंत हाय.”

मी म्हणाले, “मी पाट्या रंगवत नाही. मी आर्टिस्ट आहे.”

ती एकटी गेली. त्यानंतर घाटापर्यंतच्या सगळ्या धाब्यांच्या पाट्या तिच्या हातच्या. अजूनही एक-दोन आहेत. एसटीतून जाताना मी दुसऱ्या खिडकीतून बघते.

शेवटी शेठने म्हातारी विकली. कंपनी नाही, नुसती म्हातारी. शेड, पुठ्ठा, आम्ही, हे कुणालाच नको होतं. घेणारे मुंबईचेच होते, कॉम्प्युटरवर खेळ करणारे. शेठने निरोप पाठवला की त्यांचा माणूस मूळ चित्रं न्यायला येईल.

माझ्या अंगात वारं भरलं. बघा, आले की नाही विचारायला! मी लग्नातली साडी नेसले. ताटात नारळ, कुंकू, हळद घेतली. आणि सासूला सोबत घेतलं. घरचं मोठं माणूस पाहिजे ना. तिला एसटीत चढवताना कंडक्टर म्हणाला, “आजी, कुठं निघालात?” ती म्हणाली, “सोंग द्यायला.”

शेडमध्ये आम्ही दोघी खुर्च्यांवर बसलो, ताट मांडीवर. बाकीच्या बायका भिंतीला टेकून उभ्या. टाय घातलेला एक पोरगेला माणूस आला. त्याने कपाट उघडलं, माझी सगळी चित्रं काढली, मोजली, गुंडाळली, प्लास्टिकच्या नळकांड्यात भरली. मी घसा खाकरला. त्याला वाटलं कोंड्याने.

“इथे धूळ फार आहे, नाही?” तो म्हणाला.

सासूने काठी आपटली. “अरे, विचार ना!”

“काय आजी?”

“विचार म्हनते. आमी आलोत. विचार, मंग ने.”

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. मग नळकांड्याकडे. मग त्याचं तोंड असं उजळलं की माझ्या काळजात लख्ख झालं, आता विचारणार.

“अरे बाप रे! सेम टू सेम!” त्याने बॅगेतून कॅमेरा काढला. “आजी, जरा काठी वर करा ना. मारल्यासारखी. हां. दात दाखवा. मस्त!”

सासूने काठी वर केली. दात दाखवला. तिला वाटलं, मुंबईकडे विचारायची हीच पद्धत असेल. त्याने समोरून काढला, बाजूने काढला, मग मागून. नंतर त्याने परत आलेल्या डब्यांतला एक कोपरा चेपलेला ‘म्हातारी जत्रेत’ उचलून तिच्या ताटात ठेवला, नारळाशेजारी.

“तुमच्या नातवंडांना,” म्हणाला, आणि गेला.

नारळ तसाच परत आला. येताना सासू म्हणाली, “लय घाईत होता पोरगा.” मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. पुढे बसलेल्या बाईने विचारलं, काय झालं, तर म्हणाले, “डोळ्यात कोंडा गेलाय.” त्या बाईचं काय, तिला चालून गेलं.

शेडमध्ये पुन्हा कोंड्याची पोती आली. मी शिवण शिकले, वाईट शिकले. सासूचं उठणं-बसणं कमी झालं. पण बोहाडा जवळ आला की ती विचारायची, “त्या दुसऱ्या सोंगाचं काय झालं गो? कोन नाचवतो?” मी म्हणायची, “नाही नाचत. न विचारता नेलेलं नाचत नाही.” इतक्या वर्षांनीही हे वाक्य मी तोऱ्यात म्हणायची.

मग मोबाईल आले. माझी मुलगी शहापूरला कॉलेजात होती, तिने बटणांचा मोबाईल घेतला. एक दिवस ओट्यावर बसून ती खिदळत होती. मी बघायला गेले. बोटाएवढ्या पडद्यावर माझी म्हातारी. काठी वर केलेली, दात दाखवलेला. त्या दिवशीच्या फोटोतलीच. नाक मात्र मोठं, खरं. ती खिडकीतून डोकं काढायची आणि पाचचं बटण दाबलं की तिच्या तोंडावर चप्पल बसायची. नेम लागला की दात उडायचा. पुन्हा यायचा, पुन्हा उडायचा.

“आई, बघ, सेम आजीसारखी!” मुलगी म्हणाली.

मी मोबाईल ओढून घेतला. दोन चपला मीही मारल्या. खोटं कशाला सांगू, दुसरी मारताना हात चांगला सैल झाला होता.

“काय हाय गो? मला दावा,” सासू आतून म्हणाली. तिला धरून ओट्यावर आणलं. तिला आता जवळचंच थोडं दिसायचं. तिने मोबाईल नाकाला लावला. मी नको नको म्हणेपर्यंत मुलीने बटण दाबलं. चप्पल बसली. सासू हलली नाही.

“नाचवलं म्हंजे,” ती म्हणाली.

“न विचारता नेलं, आई. चोर आहेत ते. मी देणारच नव्हते. कधीच दिलं नसतं.”

सासू माझ्याकडे वळली. तो एक दात अजून होता.

“तू कोन देनारी? तोंड माजं हाय. मला तरी तू कुठं विचारलंस?”

मुलगी हसायची थांबली. माझ्याकडे उत्तर होतं, की नाक मी लहान केलं होतं, तुमच्या भल्यासाठी. ते ओठावर आलं आणि मी ते गिळलं, कारण माझं मलाच हसू येईल अशी भीती वाटली.

“नारळ आन,” ती म्हणाली. “त्यांना विचाराया येत नाय, पर मला देता येतं.”

मी नारळ आणला, कुंकू आणलं. ओट्याच्या दगडावर तिने तो फोडला, पहिले दोन घाव चुकून माझ्या पायाजवळ बसले. तिने मोबाईल पुढे ओढला आणि त्या खिडकीतल्या तोंडाला भरपूर कुंकू लावलं, वरून नारळाचं पाणी शिंपडलं.

“जा गो बये. आता तू आमच्या घरची नाय. तिथं मार खा नायतर पेढे खा.”

कुंकू पाण्याबरोबर बटणांत गेलं. मुलगी ओरडत मोबाईल ओढणीने पुसत होती. बाकी सगळं चालत होतं, फक्त पाचचं बटण बसलं ते वर येईना. म्हातारी खिडकीतून डोकं काढून काठी उगारायची, आणि तिला मारायला चप्पलच नव्हती.

सासूने खोबऱ्याचा तुकडा तोंडात सारला आणि रस्त्याकडे वळली. कोणीतरी चाललं होतं.

“कुठं निघालास रे?”