घडीच्या कॅमेऱ्यातली दरी

मोटारसायकलवर न्यायला मी लेन्सांचा सगळा पसारा घरी ठेवून, घडी घालून जाकिटाच्या खिशात मावणारा जुना कॅमेरा निवडला. रोलवर बाराच फोटो, म्हणजे प्रत्येक जपून काढायचा आणि काढल्यावर रोल हाताने पुढे फिरवायचा.

घाटातल्या टपरीवर चहावाल्या मावशींनी पदर सारखा करून फोटो काढून घेतला. चहाच्या नादात मी रोल फिरवायचा विसरलो. निघताना टपरीमागची दरी टिपली, ती त्याच फोटोत, नेमकी त्यांच्यावरच उमटली. प्रत्येक फोटो जपून काढायचा म्हणणारा मीच जपायचं विसरलो होतो.

पुढच्या खेपेला ओशाळून तो फोटो त्यांच्या हातात दिला. मावशींनी तो उजेडात धरून त्यातल्या दरीवर बोट ठेवलं.

“सगळा जन्म हिच्याकडे पाठ करून चहा उकळला,” त्या म्हणाल्या. “आज नीट बघितली, बाबा.”